गल्लीतले गाणे आणि आमचा मांड

झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. धारावीत राहणाऱ्या एका मोटारचालकाच्या मुलाची ती कथा. कथेचे तपशील लोक विसरले असतील. त्यातील गाण्यांनी तरुण मनांत जे घर केले, ते मात्र कायम आहे. पेडण्याच्या बसथांब्यावरचा पोरगाही आज बोटांनी ताल धरून रॅप पुटपुटताना दिसतो.

हे गाणे नव्हे, नुसती बडबड आहे, असे म्हणून नाक मुरडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मग अठराव्या शतकातील अमृतरायांच्या कटावांना आपण काय म्हणणार? यमक-अनुप्रासांची ती सरबत्ती कीर्तनकार एका दमात म्हणू लागला की श्रोते डोलत. शाहिरांचा पोवाडा घ्या, किंवा दशावतारातील पात्रांचे ऐनवेळी सुचलेले, एकमेकांवर कुरघोडी करणारे संवाद घ्या. सूर मागे ठेवून शब्द पुढे करण्याची रीत आम्हांला परकी नाही.

१९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत या प्रकाराचा जन्म झाला. मुंबईत आरंभी इंग्रजीत रॅप करणारा अंधेरीचा डिव्हाईन पुढे हिंदीकडे वळला आणि २०१५ मध्ये कुर्ल्याच्या नेझीसह त्याने आपल्या गल्लीचेच गाणे केले. तेच गाणे नव्या रूपात या चित्रपटात आले. ज्या बोलीची घरात लाज वाटत असे, तीत कविता होऊ शकते, हे त्या गाण्यांनी देशभर पटवले. २०२० मध्ये चित्रपटाला फिल्मफेअरचे तेरा पुरस्कार मिळाले. पण आमच्या मते त्याहून मोठी कमाई ही.

आमची तक्रार निराळीच आहे. आमची मुले धारावीचे दुःख तोंडपाठ म्हणतात. स्वतःचे म्हणत नाहीत. डिचोलीच्या मुलापाशी सांगण्यासारखे काही नाही काय? २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, दारातले ट्रक जागच्या जागी गंजले आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. पेडण्यात मोपाच्या ज्या पठारावर गुरे चरत, तेथे जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरत आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी झगडलेल्यांच्या घरांतही आज रॅप ऐकणारी मुले आहेत. यावर कोणी कटाव रचला? भजनाने या मुलांना ताल दिला आहे, दशावताराने हजरजबाबीपणा दिला आहे. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यांच्या जिभेवर आहेत. उणीव आहे ती वडीलधाऱ्यांच्या कानाची.

येत्या शिगम्यात एखाद्या मुलाने ढोल-ताशाच्या ठेक्यावर बंद ट्रकाची कथा सांगावयास आरंभ केला, तर त्याला मांडावरून उठवू नये. आधी नमन होऊ द्यावे. मग त्याची पाळी.