चुंबकाच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी

‘एम.आर.आय. काढून आणा’ असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले की घरात दोन चिंता एकदम शिरतात. एक पैशाची आणि दुसरी त्या यंत्राची. पहिलीविषयी मी कामगारांच्या सभांतून नेहमीच बोलत आलो आहे. आज दुसरीविषयी बोलावयाचे आहे. ज्या यंत्राची माहिती नसते त्याची भीती वाटते, आणि माहिती नसताना भीतीही वाटली नाही तर अपघात होतो, हे कारखान्यात उमेदवारी करणारे पोरदेखील जाणते.

हे यंत्र करते काय? आपल्या देहात पाणी विपुल आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबकच. देह एखाद्या प्रबळ चुंबकात ठेवला की यांतील थोडी अधिक केंद्रे त्याच्या दिशेने कलतात. त्यांच्यावर रेडिओलहरी सोडल्या म्हणजे ती ढळतात, आणि लहरी थांबल्यावर पूर्वस्थितीला येताना क्षीण संदेश देतात. मेंदू, स्नायू, चरबी, सूज यांची परतण्याची चाल निरनिराळी असते. त्या फरकावरून संगणक चित्र बनवतो. यात क्ष-किरण मुळीच नसतात.

या शोधाबद्दल २००३ साली पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पैकी मॅन्सफील्ड यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती. ते छापखान्यात मदतनीस होते, आणि पुढे नोकरी करीत अभ्यास करून विद्यापीठात गेले. १९७८ साली आपल्या यंत्रात ते प्रथम स्वतःच शिरले. तेव्हा हे यंत्र आपल्यासारख्यांच्या बुद्धीपलीकडचे आहे, असे कोणी मानू नये.

आता मुख्य मुद्दा. रुग्णालयातील बहुतेक यंत्रांचे चुंबक दीड किंवा तीन टेस्ला इतके प्रबळ असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांच्या आसपास, थंड ठेवलेली असतात. म्हणून तपासणी संपली, दिवे मालवले, तरी चुंबक चालूच राहते. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात एक तरुण आपल्या नातलग रुग्णासाठी प्राणवायूची टाकी घेऊन त्या खोलीत गेला. यंत्र बंद असल्याचे त्याला सांगण्यात आले होते, असे घरच्यांचे म्हणणे होते. चुंबकाने टाकीसह त्याला खेचले आणि त्यात त्याचा अंत झाला. ‘हे यंत्र कधीच बंद नसते’ हे एक वाक्य त्या रुग्णालयातील प्रत्येकाला पाठ असते, तर एक जीव वाचला असता.

म्हणूनच तपासणीपूर्वी जो प्रश्नांचा कागद पुढे येतो, त्यावर न वाचता सही करू नका. मराठीत नसेल तर वाचून दाखवा, असे सांगा. तो आपला हक्क आहे. हृदयात पेसमेकर आहे काय, डोक्यातील रक्तवाहिनीला चिमटा बसवला आहे काय, कानात यंत्र रोवले आहे काय, हाडात पट्टी किंवा स्क्रू आहे काय, पोटात मूल आहे काय, असे ते प्रश्न असतात. यांतील प्रत्येक गोष्टीमुळे तपासणी टळतेच असे नाही. काही पेसमेकर आणि बहुतेक पट्ट्या चालतात. तथापि ते ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे, आणि सांगणे आपले. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवले असतील तर बरोबर न्या.

लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग यांवर ज्यांची उमर गेली, त्यांना एक प्रश्न विशेष लागू आहे. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता काय? आपल्याकडे ‘कचरा गेला होता, रुमालाच्या टोकाने काढला’ म्हणून गडी विसरून जातो. परंतु लोखंडाचा बारीक कण डोळ्यात रुतून राहिला असेल, तर चुंबकात तो हलतो, रक्तस्राव होतो, दृष्टी जाऊ शकते. अशी घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहे. कण गेल्याचे सांगितले की गरजेप्रमाणे प्रथम डोळ्यांचा क्ष-किरण फोटो काढतात. नंबर जाईल, मजुरी बुडेल, म्हणून ‘नाही’ म्हणू नका. बुडालेला रोज पुन्हा कमावता येतो.

खोलीत शिरण्यापूर्वी घड्याळ, मोबाईल, चाव्या, पट्टा, पैसे, बँकेचे कार्ड, मंगळसूत्र, जोडवी, पिना, कवळी, श्रवणयंत्र, अंगावरची औषधी पट्टी, सर्व काढावे. बरोबर येणाऱ्यानेही हाच नियम पाळावा.

मग एका फळीवर निजवून बोगद्यासारख्या पोकळीत सरकवतात. त्यातील वेटोळ्यांतून वीज भरभर चालू-बंद होते, त्यामुळे ती थरथरतात आणि ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो. पत्र्याच्या खात्यात उभे राहिल्यागत वाटते. कानात बोळे किंवा कानावर टोप्या मिळाल्याच पाहिजेत. न मिळाल्यास मागा. वेळ साधारण वीस मिनिटे ते पाऊण तास. हलले तर चित्र बिघडते आणि तो भाग पुन्हा काढावा लागतो. थोडी ऊब जाणवते. पण चटका बसू लागला तर तत्काळ सांगावे. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेरचा माणूस बोलतो. कोंडल्यासारखे होत असेल तर ते आधी सांगण्यात कमीपणा नाही. जरूर तर औषध देतात. कधी शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध टोचतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यापूर्वी बोलावे.

चित्रे वाचून तज्ज्ञ अहवाल लिहितो, म्हणून बाहेर येताच यंत्र चालवणाऱ्याला ‘काय निघाले?’ असे विचारून त्याला अडचणीत टाकू नये.

यंत्र देहाच्या आतले सारे पाहते, पण त्या देहाने कोठे कोठे काम केले हे त्याला ठाऊक नसते. ते सांगावयाचे आपणच, आणि तेही दाराबाहेर असताना.