बी कुठल्या मुलखाचं?

एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडल्या जंगलात ओकला अजून पालवी फुटलेली नसते, तेव्हा त्याच्याखाली डॉगवुड पांढराशुभ्र फुललेला असतो. शास्त्रीय नाव कॉर्नस फ्लोरिडा. व्हर्जिनियाने १९१८ मध्ये याला राज्यफुलाचा मान दिला. १९१२ साली जपानकडून वॉशिंग्टनला चेरीची झाडं आली, त्यांची परतफेड अमेरिकेने १९१५ मध्ये डॉगवुड पाठवून केली.

या फुलाच्या ‘पाकळ्या’ मात्र पाकळ्या नव्हेत. आपल्या बोगनवेलीचा रंग जसा फुलाचा नसतो, तशीच इथली चार पांढरी पाती म्हणजे छदं, फुलांखालची बदललेली पानं. खरी फुलं मधोमध दाटीवाटीने बसलेली, पिवळसर-हिरवी, सहज नजरेतून सुटावीत अशी. या फुलांची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते आणि अख्खा हिवाळा फांदीच्या टोकावर उघड्यावर काढते. कळीला वेगळं पांघरूण नाही. पुढे पांढरी होणारी ती चार छदंच तिला मिटून धरतात. वसंतात छद बुडाकडून वाढतं, टोक जुनंच राहतं. फुललेलं छद हातात घेऊन पाहा: टोकाला खाच आणि तपकिरी कडा दिसते. थंडी सोसलेला भाग तो हाच.

आतल्या फुलांची तऱ्हा आणखी विलक्षण. जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कडक थंडीत या इवल्या फुलांतलं पाणी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली उतरूनही द्रवच राहतं. पण याला मर्यादा आहे. ती ओलांडली की बर्फ एका क्षणात होतो आणि फूल मरतं. खोड, पानांच्या कळ्या शाबूत, झाड जिवंत, आणि वसंतात फुलं मात्र नाहीत! उत्तरेकडल्या बागांतली ही ठरलेली तक्रार.

आता मुद्दा बियाण्याचा. हे झाड दक्षिण ओंटारिओपासून फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत पसरलं आहे, शिवाय मेक्सिकोच्या डोंगरांत त्याची वेगळी उपजात आहे, तिची छदं टोकाला जुळलेली असतात. नाव एकच, पण हजारो पिढ्या वेगवेगळ्या मुलखांत निघालेल्या. दिवस लहान होऊ लागले की झाड वाढ आवरतं घेतं आणि मगच थंडीची तयारी करतं. पण दिवस किती लहान झाला की थांबायचं, हे त्या-त्या अक्षांशाने शिकवलेलं असतं. दक्षिणेच्या बियांचं रोप उत्तरेत लावलं की ते ऑक्टोबरातही वाढतच राहतं आणि पहिल्या कडाक्यात कोवळी लाकडं काळी पडतात.

याचा धडधडीत पुरावा डॉगवुडच्याच एका भाऊबंदात मिळाला. लाल काड्यांच्या रेड-ओझियर डॉगवुडची निरनिराळ्या प्रदेशांतली रोपं मिनेसोटात शेजारीशेजारी वाढवून स्मिथबर्ग आणि वायझर या संशोधकांनी १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. भर हिवाळ्यात सगळीच रोपं काटक निघाली. फरक होता तो शरदात कोण कधी तयार होतं याचा. म्हणजे थंडी किती, यापेक्षा ती कधी गाठते हा प्रश्न मोठा. सौम्य हवामानातल्या मुलखातलं रोप मारलं जातं ते बहुधा जानेवारीत नव्हे, त्याआधीच.

नुसती थंडीच आड येते असंही नाही. इंग्लंडचा हिवाळा सौम्य, पण उन्हाळाही थंड. लाकूड नीट पिकत नाही, म्हणून हे झाड तिथे बेताचंच फुलतं.

रोपवाटिकांचा व्यवहार मात्र नावांवर चालतो. टेनेसीत बियांपासून वाढवलेल्या रोपांवर उन्हाळ्याच्या अखेरीस ‘चेरोकी प्रिन्सेस’सारख्या वाणांचे डोळे बांधले जातात. वाण हवाच, कारण बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. गुलाबी झाडाच्या बियांतून गुलाबीच येईल याची खात्री नसते. पण वरच्या वाणाचं नाव पाटीवर येतं, मूळखोडाच्या बियाण्याचा गाव कुणी लिहीत नाही. माझ्या मते ही चूकच. रूप वाणाने मिळतं हे खरं, पण वाणसुद्धा मुळात कुठल्यातरी जंगलातल्या एका झाडाचाच वारस असतो, आणि त्या जंगलाची थंडी त्याच्या अंगात असते.

न्यू जर्सीत, शिकागोत किंवा टोरांटोत अंगण असलेल्या मराठी वाचकांनी डॉगवुड घेताना फुलाचा फोटो जरूर पाहावा. पण विक्रेत्याला आधी विचारावं, हे झाड मूळचं कुठलं? उत्तर आपल्या अक्षांशापासून फार दक्षिणेचं आलं, तर पैसे खिशातच ठेवावेत.