मोगरा, मोह आणि चॉकलेट

फुलांच्या स्वादाचे ट्रफल घरी करायचे ठरवलं की बहुतेकांची पहिली खरेदी एसेन्सच्या बाटलीची असते. ताज्या फुलाचा वास चॉकलेटमध्ये उतरतच नाही, अशी समजूत त्यामागे असते. ती समजूत अनुभवातूनच आलेली असते, हे मान्य करायला हवं. मोगऱ्याच्या कळ्या क्रीममध्ये टाकून खळखळून उकळल्या, की हाती जे येतं त्याला उकडलेल्या पालेभाजीचा वास असतो. मग माणूस फुलाला दोष देतो. दोष मात्र गॅसचा असतो.

मोगऱ्याचा वास उडून जाणाऱ्या, नाजूक तेलांचा असतो. उष्णतेने त्यातला चांगला भाग वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो (घर छान दरवळतं, ट्रफल नाही) आणि उरलेला बिघडतो. गुलाबाच्या पाकळ्या भट्टीवर, भपक्यात टाकून गुलाबपाणी काढता येतं, कारण गुलाबाचा वास ती उष्णता बऱ्यापैकी सोसतो. मोगरा आणि जाई-जुई तसं सोसत नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या कारागिरांनी वेगळी वाट काढली होती. उत्तर भारतात तिळाचे आणि चमेलीच्या फुलांचे थर एकमेकांवर पसरून ठेवत, फुलं सुकली की काढून नवी घालत, आणि शेवटी तो वास प्यालेला तीळ घाण्यात घालून फुलेल काढत. फ्रान्समधल्या ग्रास गावी हेच काम चरबीच्या पातळ थरावर फुलं पसरून होत असे. दोन्हीकडे तत्त्व एकच: फुलाचा वास स्निग्ध पदार्थ धरून ठेवतो, आणि त्यासाठी विस्तव नको, वेळ हवा. चॉकलेटमध्ये कोको बटर आहे आणि क्रीममध्ये लोण्याचा अंश, म्हणजे वास धरणारं साहित्य आपल्या भांड्यात आधीपासूनच असतं.

मोगरा चॉकलेट ही शहरी कॅफेची टूम आहे, असंही म्हटलं जातं. पण सतराव्या शतकातच इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्या दरबारात चमेलीचं चॉकलेट होत असे. त्याची कृती दरबारी वैद्य फ्रान्चेस्को रेदी यानं गुप्त ठेवली होती. मांसातल्या अळ्या आपोआप जन्मत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे १६६८ साली प्रयोगाने दाखवणारा तोच हा रेदी. भाजून भरडलेल्या कोकोचे आणि ताज्या चमेलीचे थर द्यायचे, दर चोवीस तासांनी फुलं बदलायची, आणि असं दहा-बारा वेळा करायचं, ही ती कृती. आपल्या फुलेलाचीच ही इटालियन बहीण म्हणायची. त्याहीआधी मेक्सिकोचे लोक कोकोच्या पेयात सुगंधी फुलं वाटून घालत होते. दूध घातलेलं चॉकलेट स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटरनं बनवलं ते १८७५ साली. थोडक्यात, चॉकलेटच्या घरात फूल हे दुधापेक्षा कितीतरी जुनं बिऱ्हाड आहे.

आता आपल्याकडे येऊ. पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडच्या बाजूला मोगऱ्याची लागवड चांगली होते. पहाटे तोडलेल्या मिटलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात आणि संध्याकाळी गजऱ्यात उमलतात. तोडल्यावरही मोगरा उमलत राहतो आणि वास सोडत राहतो, हीच गोष्ट याच जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी तालुक्यांत घरी ट्रफल करणाऱ्याच्या कामी येते. सकाळी आणलेल्या कळ्या संध्याकाळी अर्धवट उघडल्या की देठ आणि हिरवे भाग काढून टाकायचे. १२० ग्रॅम फ्रेश क्रीमला दोन मुठी कळ्या पुरतात. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी गाळायचं, फुलं फार पिळायची नाहीत, कडवटपणा उतरतो. वास कमी वाटला तर त्याच क्रीममध्ये दुसऱ्या रात्री नव्या कळ्या. मग क्रीम पुन्हा वजन करून घ्यायचं, कारण थोडं फुलांना चिकटून गेलेलं असतं.

पण कळ्या कुठल्या? स्टेशनबाहेरच्या टोपलीतला गजरा स्वच्छ धुतला की झालं, हा समज मात्र धोक्याचा आहे. मोगऱ्याची कळी पोखरणारी अळी हा या पिकाचा मोठा शत्रू असल्यानं व्यापारी बागेत फवारणी होतेच. ती बाग खाण्यासाठी नाही, माळण्यासाठी लावलेली असते, त्यामुळे त्यात गैर काही नाही. मात्र वास ओढून घेणारी क्रीममधली चरबी कीटकनाशकाचाही अंश ओढून घेते, आणि नळाखाली धुतल्यानं तो सगळा निघत नाही. म्हणून कळ्या अंगणातल्या, नाहीतर फवारणी न केल्याची खात्री देणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याच्याच घ्याव्यात.

याला लागूनच आणखी एक समजूत आहे: देवाला चालतं ते आपल्याला चालतं. शंकराला धोतरा वाहतात, कण्हेरही वाहतात. धोतरा खाल्ला तर भ्रम होतो, कण्हेर थेट हृदयावर जाते. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तशीच विषारी. पांढऱ्या तगरीची फुलं ओंजळीत मोगऱ्यात सहज मिसळतात. देठ मोडून पाहिला आणि पांढरा चीक आला तर ते फूल मोगऱ्याचं नाही, बाजूला काढावं. ट्रफलवर नुसतं शोभेला ठेवायचं फूलसुद्धा खाण्याजोगंच असावं, कारण पाहुण्याला ते शोभेचं आहे हे कळत नाही, मुलांना तर मुळीच नाही.

अत्तराचा एक थेंब घालून काम भागवण्याचा सल्लाही ऐकू येतो. नैसर्गिक आहे ना, मग झालं! अत्तराला चंदन तेलाचा किंवा हल्ली बऱ्याचदा स्वस्त रासायनिक द्रवाचा आधार असतो. ते कातडीसाठी आहे, पोटासाठी नाही. खाण्यासाठी म्हणून विकलं जाणारं गुलाबपाणी किंवा केवड्याचं पाणी चालतं, पण केवडा जपून. ओडिशातल्या गंजामच्या किनाऱ्यावर ज्याच्या भट्ट्या चालतात तो केवडा इतका उग्र असतो, की पाव चमच्याचा अर्धा चमचा झाला तर चॉकलेटला मिठाईच्या दुकानासारखा वास यायला लागतो.

गुलाबपाणी म्हटलं की स्वयंपाकघरातली जाणती मंडळी ओरडतात, चॉकलेटला पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस! हे अर्धंच खरं आहे. नुसत्या वितळवलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं की त्यातली साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा घट्ट, खरबरीत होतो. पण ट्रफलचा गाभा म्हणजे गनाश, चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, आणि गनाशमध्ये क्रीमचं पाणी भरपूर असतंच. तिथे आणखी दोन चमचे गुलाबपाण्यानं काही बिघडत नाही, फक्त ते आधी क्रीममध्ये मिसळावं. उलट गनाश फाटलं, वर तेल सुटलं, तर अनेकजण ते फेकून देतात, तेव्हा त्याला पाणीच कमी पडलेलं असतं. चमचाभर कोमट दूध घालून मधोमध जोरात घोटत गेलं की ते बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतं, चकाकायला लागतं.

चॉकलेट जितकं काळं तितकं उच्च, हा समज मोगऱ्याच्या मुळावर येतो. ७० टक्क्यांच्या चॉकलेटचा स्वतःचा भाजका, कडवट, आंबूस वास एवढा दांडगा असतो की मोगरा त्यात हरवतो. मोगऱ्याला पांढरं चॉकलेट द्यावं. त्यात कोकोची पूड नसते, कोको बटर, दूध आणि साखर असते, म्हणून फुलाला बोलायला जागा मिळते. १०० ग्रॅम मोगऱ्याच्या क्रीमला ३०० ग्रॅम पांढरं चॉकलेट. डार्क असेल तर १०० ला २०० पुरे. गुलाब मात्र डार्कपुढे उभा राहतो. गुलकंद घालायचा तर डार्कच हवं, कारण गुलकंद म्हणजे वासापेक्षा साखरच अधिक. गोकर्णाच्या निळ्या फुलाला तर नावापुरताही सुगंध नसतो. त्यातून मिळतो तो फक्त रंग, आणि लिंबू लागलं की तोही जांभळा होतो. निळं दिसलं म्हणून जिभेला फुलाची चव लागते, असं सांगणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून खावं.

स्लॅब विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचायला हवी. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट. त्याऐवजी वनस्पती तेलं लिहिली असतील तर ते कंपाऊंड. कंपाऊंड म्हणजे फसवणूक असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मेमध्ये डहाणूच्या दुपारचा पारा त्याच्याच आसपास असतो आणि वर समुद्राची दमट हवा. अशा दिवसांत बाहेरचं आवरण कंपाऊंडचं केलं तर ते टिकतं, चकाकी आणण्यासाठी तापमानाची कसरतही करावी लागत नाही. आतला गाभा मात्र खऱ्या चॉकलेटचाच असावा. कोको बटर तोंडात झटकन विरघळतं आणि आत कोंडलेला वास एकदम सोडतं, तर कंपाऊंड जिभेवर मेणासारखं रेंगाळतं.

एवढं सगळं मोगऱ्याबद्दल झालं, पण डहाणू-तलासरीचं स्वतःचं खाण्याचं फूल दुसरंच आहे. ते मोहाचं. फाल्गुन-चैत्रात, रात्री उमलून पहाटे झाडाखाली पडणारी ही मांसल, फिकट पिवळी फुलं वारली घरांतल्या बायका-मुलं उन्हं चढायच्या आत वेचतात. त्याच सुमारास, चैत्र पौर्णिमेला, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते.

मोह म्हणजे दारू, हा या भागाविषयीचा सगळ्यांत घट्ट गैरसमज आहे आणि तो आपोआप झालेला नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळण्यावर सरकारची पकड बसली. तेवढ्यानं महसूल गळायचा थांबेना, तेव्हा १८९२ साली मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि ठाणे-कुलाबा भागात फुलं वेचण्या-बाळगण्यावरच निर्बंध लागले. डहाणूचा हा पट्टा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. ज्या फुलावर टंचाईच्या दिवसांत पोट भरत असे, ते घरात सापडणं हाच संशयाचा पुरावा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरची नजर कायम राहिली. महाराष्ट्र सरकारनं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली ती २०२१ मध्ये. एवढ्या वर्षांनी फुलाची दारूशीच ओळख उरली असेल तर नवल नाही.

फुलात दारू नसते, साखर असते, आणि भरपूर असते. ती साखर आंबवली आणि मग गाळली तर दारू. नीट वाळवलेलं मोहाचं फूल मनुकेच्या जातीचं आहे: चिवट, गोड, थोडं धुरकट. त्याचा वास सगळ्यांना आवडत नाही, हेही सांगायला हवं. पहिल्यांदा नाकाशी नेल्यावर काहीजण तोंड वाकडं करतात. पण डार्क चॉकलेटचा कडवटपणा त्या वासाला बरोबर सांभाळतो, आणि ज्या उग्रपणाची तक्रार असते तोच ट्रफलमध्ये खोली आणतो. माझ्या मते या दोन तालुक्यांत करायचा एकच ट्रफल निवडायचा असेल, तर तो मोगऱ्याचा नाही, मोहाचा.

त्याची रीत मोगऱ्याच्या उलट आहे. इथे फूल गाळून टाकायचं नाही, खायचं आहे, आणि उष्णतेची भीतीही नाही. वाळलेली फुलं हातावर चोळून आतले केसर आणि कचरा काढायचा, दोन पाण्यांतून धुवायची, दहा मिनिटं वाफवायची, पुसून बारीक चिरायची. २०० ग्रॅम डार्क, १०० ग्रॅम क्रीम, ४० ग्रॅम मोह आणि चिमूटभर मीठ. साखर नको. दमट डब्यात राहून चिकट झालेली, आंबूस वासाची फुलं वापरायची नाहीत, ती आंबायला लागलेली असतात. गोळे वळून कोको पावडरीत घोळवायचे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या चिकूच्या वाळवलेल्या फोडींची पूडही वरून छान लागते. फक्त ती हवेतली ओल पटकन ओढते, म्हणून वाढायच्या आधी घोळवावं.

दुसऱ्या दिवशी ट्रफलवर पांढुरका थर दिसला की बुरशी आली म्हणून सगळा डबा कचऱ्यात जातो. बुरशी केसाळ असते आणि तिला वास येतो. सपाट, राखेसारखा थर हा गरमीनं वर आलेल्या कोको बटरचा असतो, किंवा ओल लागून विरघळलेल्या आणि पुन्हा वाळलेल्या साखरेचा. दिसायला वाईट, खायला निर्धोक. डहाणूत हा दुसरा प्रकारच अधिक होतो, कारण फ्रिजमधला गार डबा बाहेर काढून लगेच उघडला की दमट हवा ट्रफलवर घाम धरते. डबा बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्यावा, मग उघडावा. क्रीमचे ट्रफल फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवावेत. ताज्या फुलात मुरवलेले असतील तर चार-पाच दिवसांत.

आणि विकायचे असतील, तर घरगुती आहे म्हणून परवाना लागत नाही हाही समजच. घरातून विकणाऱ्यालासुद्धा एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते. डब्यावर साहित्य लिहिताना मोहफुलं हा शब्द ठळक लिहावा. दुधाचा उल्लेख हवाच.