शीत बरोबर, भांडं चुकलं

मुळशीचा आंबेमोहोर चुलीवर रटरटू लागला की वास ओसरीपर्यंत येतो. पण भात शिजला की नाही, हे वासावरून कळत नाही. त्यासाठी पळीनं एक शीत काढायचं आणि अंगठा-तर्जनीत चिरडून बघायचं. मधे कणी लागली तर अजून दोन मिनिटं. सरावलेला हात मात्र शीत काढण्याआधी भात खालवर करून घेतो, कारण तळाचा भात लागायला आला तरी वरच्या शितात कणी असू शकते.

निवडणुकीआधीच्या जनमत चाचणीचं शास्त्र या दोन हालचालींत सामावलं आहे. भांडं ढवळायचं, मग शीत काढायचं. चाचण्यांचे अंदाज चुकले की आपण शितं मोजायला बसतो. ‘एवढ्या कोटींच्या राज्यात हजार-दोन हजार लोकांना विचारून काय कळणार?’ हा प्रश्न मुळशीतल्या पौडच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पण गोम बहुधा तिथे नसते.

हजार पुरतात

मतदारांमधून चिठ्ठ्या काढाव्यात तशी, कुणालाही झुकतं माप न देता हजार माणसं निवडली, तर येणारा आकडा खऱ्या आकड्याच्या साधारण तीन टक्के मागे-पुढे असतो. अशा शंभर चाचण्या घेतल्या तर पंच्याण्णव त्या पट्ट्यात बसतात. गंमत म्हणजे ही चूक लोकसंख्येवर जवळजवळ अवलंबून नसते. भोर विधानसभा मतदारसंघाच्या चार लाखांवर मतदारांसाठी हजार माणसं जेवढं सांगतात, तेवढंच ती महाराष्ट्राच्या साडेनऊ कोटींवर मतदारांबद्दल सांगतात. पातेलं असो की लग्नातला हंडा, नीट ढवळलेला असेल तर मूठभर शितं पुरतात. उलट चूक निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. चूक नमुन्याच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटते.

नुसत्या मोठ्या आकड्याची फजिती १९३६ साली अमेरिकेत झाली. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि अंदाज निघाला की आल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन किंवा मोटार होती, त्यांनाच प्रामुख्यानं विचारलं गेलं. शिवाय मतपत्रिका भरून पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांचं मतही इतरांपेक्षा वेगळं होतं. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट यांचा विजय सांगितला होता.

हिंजवडी ते ताम्हिणी

आपल्याकडे हे ढवळणं किती अवघड आहे, ते बघायला पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यासारखी जागा नाही. एका टोकाला हिंजवडी, माण, मारुंजीचे टॉवर. तिथे संध्याकाळी फाटकावरचा सुरक्षारक्षक सर्वेक्षणवाल्याला आत सोडत नाही, आणि सोडलं तरी दार उघडणाऱ्याचं नाव बऱ्याचदा दुसऱ्याच गावच्या मतदार यादीत असतं. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडच्या वाड्या-वस्त्या. तिथे दार उघडंच असतं, पण ‘तुम्ही कुणाकडनं आलात?’ हे कळल्याशिवाय उत्तर मिळत नाही. मधे पिरंगुटचे कारखाने आणि पाळीवर जाणारे कामगार. शिवाय भोर मतदारसंघ एकट्या मुळशीचा नाही. भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुकेही त्यात आहेत.

एक कल्पित हिशेब करू. समजा, मतदारसंघात शंभरातले ३० मतदार शहरी वळणाचे आणि ७० गावांतले. एका उमेदवाराला शहरी भागात ४० टक्के आणि गावांत ६० टक्के पसंती आहे. मग खरी पसंती ५४ टक्के. पण सोयीसाठी दोन्हीकडून निम्मी-निम्मी माणसं विचारली, तर उत्तर येतं ५०. जागच्या जागी चार टक्के गेले! म्हणून चाचणीवाले नंतर वजन देतात, म्हणजे कमी भेटलेल्या गटाची उत्तरं प्रमाणानुसार वाढवून धरतात. इथवर हिशेब सुटतो.

पुढचा सुटत नाही. समजा, शहरी भागात ५० टक्केच मतदान झालं आणि गावांत ७५. मग त्याच उमेदवाराची ५४ टक्के पसंती मतपेटीत ५५.६ होते. एकाही माणसाचं मत बदललेलं नाही. कोण आलं आणि कोण घरी राहिलं, एवढंच बदललं. भाताचं भांडं निदान समोर चुलीवर असतं. निवडणुकीचं भांडं मतदानाच्या दिवशीच भरतं, आणि चाचणी त्याआधी घेतलेली असते.

आधीची निवडणूक, पुढची निवडणूक

मग येणाऱ्यांचा अंदाज बांधायचा कशावरून? अमेरिकेत एक मोह असतो तो प्रायमरीचा. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला ज्या पक्षाचे जास्त लोक आले त्याची हवा आहे, असं मानायचं. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत रिपब्लिकन पक्षाच्या जवळपास दुप्पट मतदान झालं. अध्यक्ष मात्र रिपब्लिकन जॉर्ज बुश झाले. डेमोक्रॅट पक्षात चुरस जास्त होती म्हणून गर्दी जास्त होती. राज्यशास्त्रज्ञ हेल्मट नॉरपॉथ प्रायमरीतल्या गर्दीपेक्षा तिथल्या निकालांवरून गणित मांडतात. २०१६ मध्ये त्यांनी ट्रम्प यांचा विजय आधीच सांगितला आणि नाव कमावलं. २०२० मध्ये त्याच गणितानं ट्रम्प यांना ९१ टक्के संधी दिली आणि बायडेन निवडून आले.

आपल्याकडे प्रायमरी नाही, पण लोकसभेला विधानसभा क्षेत्रात मिळालेलं ‘लीड’ आहे. गावागावांत विधानसभेचा हिशेब त्यावरच मांडतात. २०२४ नं या हिशेबाची परीक्षा घेतली. ७ मे रोजी बारामती लोकसभेचं मतदान झालं. महाविकास आघाडीच्या सुप्रिया सुळे सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी जिंकल्या. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी महायुतीच्या सुनेत्रा पवार यांना आघाडी मिळाली ती फक्त खडकवासल्यात. म्हणजे मुळशी ज्यात येते त्या भोरमध्येही सुळे पुढे होत्या. साडेसहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं. भोरमध्ये महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसचे तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे उभे होते. जिंकले महायुतीतल्या अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे, मुळशीतले शंकर मांडेकर. गावं जवळपास तीच, याद्याही जवळपास त्याच. पण उमेदवार वेगळे, प्रश्न वेगळा आणि घराबाहेर पडलेली माणसंही काही प्रमाणात वेगळी.

राज्यातही हेच झालं. लोकसभेला मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास होतं, विधानसभेला ६६ वर गेलं. २०१९ च्या विधानसभेच्या तुलनेत बायकांच्या मतदानाची टक्केवारी सुमारे सहा अंकांनी वाढली. लोकसभेनंतर बायकांना दरमहा पैसे देणारी लाडकी बहीण योजना आली होती. मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारणाऱ्या बहुतेक एक्झिट पोलनीही महायुतीला पुढे दाखवलं, पण दोनशे जागांच्या वर फारसं कुणी गेलं नाही. महायुतीला मिळाल्या २३०.

मतांवरून जागा काढताना चूक आणखी फुगते. लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, पण जागा महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ अशा पडल्या. त्यात, हजार जणांचा नमुना २८८ मतदारसंघांत वाटला तर एका मतदारसंघाच्या वाट्याला साडेतीन माणसं येतात. म्हणून चाचणीवाले प्रत्येक जागा मोजत नाहीत. राज्यभर मतं किती सरकली ते मोजून मागच्या निकालावर लावतात. मागचा निकाल मागच्या भांड्यातला असतो, ही अडचण तिथेही सुटत नाही.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी कुठल्याही गावातल्या बूथबाहेरचं टेबल पाहा. कार्यकर्त्यापुढे मतदार यादीची सुरळी झालेली प्रत असते. येऊन गेलेल्या प्रत्येक नावावर बॉलपेनची खूण. उरलेल्या नावांकडे बघून तो म्हणतो, ‘आबांना आणायला गाडी धाडा. धाकटा पुण्याहून आलाच नाही.’ कोण आलं, हे त्याला नावानिशी ठाऊक असतं. आत जाऊन त्यांनी कुठलं बटण दाबलं, हे नसतं. चाचणीवाल्याचं नेमकं उलटं. लोक कुठलं बटण दाबणार, हे त्याला लोकांनीच सांगितलेलं असतं. त्यातले कोण येणार, हे कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर आकडा झळकला की ‘किती जणांना विचारलं?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा. यातले येणार कोण, हे कशावरून धरलंत?