भित्यापाठी ब्रह्मराक्षस का लागतो?

सोमवारची ओपीडी म्हणजे जत्राच असते. त्या गर्दीत पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण आईसोबत आला. छातीत धडधडतं, तळहाताला घाम सुटतो, पोटात कालवाकालव होते, अशी तक्रार. पिशवीतून त्याने तीन ईसीजी काढून टेबलावर ठेवले. ठोके थोडे जलद, बाकी तिन्ही नॉर्मल. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं ठीक. "मग साहेब, ह्याला होतंय तरी काय?" आईने काळजीने विचारलं.

ईसीजीच्या कागदावर तारीख छापलेली असते. मी त्याला सहज विचारलं, "या तीन दिवशी काय होतं रे?" तो खाली बघत राहिला. उत्तर आईने दिलं, "नोकरीच्या मुलाखती होत्या. तिन्ही वेळा ऐन सकाळी असं झालं. मग मीच म्हटलं, राहू दे, तब्येतीपेक्षा काय मोठं आहे?"

आजार त्या तारखांमध्ये होता. (ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलले आहेत.) असे रुग्ण आम्हाला वरचेवर भेटतात. हृदय ठणठणीत असतं, पण मनात धरलेली गोष्ट समोर आली की पाय मागे येतो. कुणाला मुलाखतीची भीती, कुणाला चारचौघांत बोलण्याची, कुणाला परीक्षेत पुन्हा नापास होण्याची. घरचे म्हणतात, "एवढं काय घाबरायचं?" या प्रश्नाचं खरं उत्तर शरीरात आहे.

शरीर खोटं बोलत नाही

आपल्या मेंदूत, दोन्ही बाजूंना खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखून इशारा देणं हे त्याचं एक महत्त्वाचं काम. इशारा मिळताच अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात धावतं, श्वास वाढतो, रक्त स्नायूंकडे वळतं, पोटाचं काम मंदावतं, तोंडाला कोरड पडते. समोर बिबट्या असेल तर ही तयारी जीव वाचवते. अडचण अशी की टेबलापलीकडे बसलेले तीन परीक्षक आणि बिबट्या यांत ही यंत्रणा फारसा फरक करत नाही. म्हणून त्या तरुणाची धडधड हे नाटक नव्हतं आणि हृदयविकारही नव्हता. धोक्याची घंटा नीट वाजत होती, फक्त चुकीच्या दारात.

मग ही घंटा दर वेळी आणखी जोरात का वाजते? त्याचं कारण टाळण्यात आहे. "आज जायचं नाही" असं ठरताच त्या मुलाची धडधड थांबायची, पोट शांत व्हायचं. केवढी सुटका! मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. त्या खोलीत गेलो असतो तर काही झालं नसतं, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी लवकर, आणखी मोठी होऊन येते. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपल्या आज्या सांगत आल्या. त्या राक्षसाला खाऊ घालतं ते आपलं टाळणं.

ससा आणि शिडी

यावरचा उपाय आजचा नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची भयंकर भीती होती. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला जाई. तो सहन करू लागला की ससा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला गोंजारू लागला. भीतीला सामोरं जाण्याची जी उपचारपद्धत आज जगभर वापरली जाते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे: थोडं थोडं, पुन्हा पुन्हा आणि मधेच न पळता.

मला हे पुस्तकात वाचण्याआधी अनुभवाने कळलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या मराठी शाळेतून मी वैद्यकीय महाविद्यालयात आलो. पहिल्या तोंडी परीक्षेत उत्तर येत होतं, पण इंग्रजीचं एक वाक्य जिभेवर येईना. सगळे हसले. त्यानंतर मी कायम उंच मित्रांच्या मागे उभा राहू लागलो, म्हणजे प्रश्न माझ्यापर्यंत येणार नाही. पुढच्या तोंडीच्या दिवशी तापाचं निमित्त केलं. दिवाळीच्या सुट्टीत तर परत जायचंच नाही, असं ठरवून ट्रंक भरली होती. वाचवलं ते खोलीतल्या मित्राने. रोज रात्री मेसमध्ये तो मला एकच प्रश्न विचारायचा आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, उत्तर मोठ्याने द्यायला लावायचा. मग दोन मित्रांसमोर, मग चौघांसमोर. पुढच्या तोंडीला हात थरथरत होते, पण मी पुढच्या रांगेत होतो.

त्या तरुणासोबत आम्ही कागदावर अशीच शिडी काढली. सगळ्यात खालची पायरी म्हणजे आरशासमोर स्वतःची ओळख करून देणं. मग घरच्यांसमोर. मग ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांसमोर खुर्चीत बसून दहा मिनिटं उत्तरं देणं. मग जी नोकरी नाही मिळाली तरी चालेल, अशा ठिकाणची मुलाखत. नियम दोनच. भीती थोडी ओसरेपर्यंत किंवा काम पुरं होईपर्यंत त्या पायरीवरून उठायचं नाही. आणि एक पायरी सोपी वाटल्याशिवाय पुढची चढायची नाही.

त्याच्या खिशात एक गोळी असायची, मित्राने दिलेली, 'धडधड थांबवणारी'. ती मी काढून घेतली. अशा काही गोळ्या दम्याच्या रुग्णाला धोक्याच्या ठरू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. धीर यावा म्हणून घेतलेल्या दारूबद्दल तर बोलायलाच नको. ऐन वेळी उपयोगी पडतो तो श्वास. सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा, चार-पाच मिनिटं. त्या सकाळी चहा-कॉफीचे कप कमी करा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव चढतो. म्हणून मोठ्या खंडानंतर ती पुन्हा डोकं वर काढू शकते. याचा अर्थ सगळी मेहनत वाया गेली असा नाही. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायचं, दुसऱ्यांदा सहसा कमी वेळ लागतो.

घरच्यांनी काय करावं, डॉक्टरांकडे कधी जावं

'राहू दे, नको जाऊस' हे मायेपोटी म्हटलं जातं, पण ते भीतीच्या बाजूचं मत असतं. 'मुलगा असून घाबरतोस?' यामुळे भीतीत लाजेची भर पडते. आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'जाऊन ये' म्हणतात. तेवढंच म्हणावं: भीती वाटली तरी चालेल, जाऊन ये.

मात्र प्रत्येक धडधड भीतीची नसते. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, वजन घटणं, दम लागणं ही लक्षणं असतील तर आधी तपासणी हवी. रक्तक्षय आणि थायरॉइडच्या विकारातही धडधड होते. आणि भीतीपायी झोप उडाली, कॉलेज किंवा काम सुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर स्वतःची शिडी स्वतः काढत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

तीन-चार महिन्यांनी तो तरुण पुन्हा ओपीडीत आला. या वेळी एकटा, हातात पिशवी नाही. "नाही झालं सर," तो म्हणाला, "दोन प्रश्नांना अडखळलो. घामही सुटला होता. पण आत जाऊन आलो."

मी त्याला एकच विचारलं, "पुढची तारीख कधीची आहे?"

त्याला ती पाठ होती.