कोंबडा आरवल्यानंतर : पेत्राची चूक, क्षमा आणि नवी सुरुवात



मूल्यशिक्षणाच्या तासाला 'क्षमा' हा विषय आला की आपण पटकन सांगून मोकळे होतो. चूक झाली तर माफी मागावी, समोरच्याने माफ करावं, संपला धडा! पण खरा प्रश्न तर त्यानंतर सुरू होतो. माफी मिळाली, पुढे काय? चुकलेल्या माणसाला त्याची जागा परत मिळते का? ख्रिस्ती धर्मात या प्रश्नाचं उत्तर पेत्राच्या गोष्टीत सापडतं. ती आज नीट समजून घेऊ.

पेत्र कोण होता?

पेत्र हा गालील प्रांतातला एक कोळी. मूळ नाव शिमोन. येशूच्या बारा शिष्यांत तो नेहमी पुढे असायचा. स्वभाव उतावळा, बोलणं धडाक्याचं. येशूला अटक झाली त्या रात्री, भोजनाच्या वेळी त्याने सांगून टाकलं की बाकीचे सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही. त्यावर येशूने त्याला सांगितलं, की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. लूकच्या शुभवर्तमानात आणखी एक गोष्ट येते. मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू परत फिरलास की आपल्या भावांना धीर दे, असंही येशू त्याला म्हणतो. म्हणजे बघा, चूक घडायच्या आधीच परतीची वाट सांगून ठेवली होती.

त्या रात्री काय झालं?

प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात लोक कोळशाचा विस्तव करून शेकत बसले होते. पेत्रही तिथे होता. एका दासीने त्याला ओळखलं. त्याने नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. त्याच्या गालीली बोलण्यावरूनही लोकांनी त्याला हेरलं. तिसऱ्यांदाही त्याने ओळख नाकारली आणि कोंबडा आरवला. येशूने वळून त्याच्याकडे पाहिलं. पेत्र बाहेर जाऊन खूप रडला.

दोघेही चुकले, पण...

इथे मुलं हमखास विचारतात, "सर, मग यहूदा इस्कर्योत? त्यालाही वाईट वाटलंच होतं ना?" प्रश्न अगदी योग्य आहे. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार यहूदा 30 नाणी घेऊन याजकांकडे परत गेला आणि आपण पाप केलं हे कबूलही केलं. पण याजकांनी ते तुझं तू बघ अशा अर्थाचं बोलून त्याला झिडकारलं. यहूदा एकटा पडला आणि त्याचा शेवट दुःखद झाला. पेत्र मात्र इतर शिष्यांच्या सोबतीत राहिला. पश्चात्तापासाठी शुभवर्तमानांत जो ग्रीक शब्द वारंवार येतो, त्याचा अर्थ मन बदलणं. म्हणजे नुसती खंत पुरत नाही, मागे वळावं लागतं. आणि वळलेल्या माणसासाठी दार उघडं असावं लागतं.

तळ्याकाठची न्याहारी

पुनरुत्थानानंतरचा प्रसंग योहानच्या शुभवर्तमानात आहे. पेत्र आणि इतर सहा जण रात्रभर मासेमारी करतात, पण जाळ्यात काहीच येत नाही. पहाटे काठावरून येशू सांगतो तिथे जाळं टाकलं, तर 153 मोठे मासे लागतात. काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, शेजारी भाकर. अंगणातल्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्दच इथे आहे, आणि संपूर्ण नव्या करारात तो याच दोन ठिकाणी येतो. तीन नकार विस्तवाजवळच झाले होते ना?

न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याला आपली मेंढरं सांभाळायला सांगतो.

यातून ख्रिस्ती श्रद्धेतल्या क्षमेबद्दल तीन गोष्टी कळतात.

1. क्षमा म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं नाही. तीन नकारांची आठवण तीन प्रश्नांनी निघालीच.
2. चूक सर्वांसमोर उगाळलीही नाही. आधी खाऊ घातलं, मग विचारलं.
3. नुसती माफी देऊन थांबले नाहीत, जबाबदारी परत दिली. यालाच पुनःस्थापना म्हणतात.

पुढे प्रेषितांच्या कृत्यांत हाच पेत्र यरुशलेमेत उभा राहून उपदेश करतो आणि त्या दिवशी सुमारे 3000 लोक बाप्तिस्मा घेतात. तो यानंतर कधी चुकलाच नाही असंही नाही. अंत्युखियात लोकांना भिऊन तो इतर जातींतल्या विश्वासूंबरोबर जेवायचा थांबला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं.

आपल्या वर्गात

एक माझीच चूक सांगतो. सहलीच्या वर्गणीतले थोडे पैसे एका मुलाने घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून येऊन कबूल केलं. मी रागात म्हटलं, "आता सांगून काय उपयोग?" आणि सगळ्यांसमोर हिशेबाची वही काढून घेतली. पोरगा तीन दिवस शाळेत आला नाही. त्याच आठवड्यात मी हा पाठ तयार करत होतो आणि यहूदाला झिडकारणाऱ्या याजकांपाशी येऊन थांबलो. त्यांच्या जागी मीच उभा होतो.

मी त्याच्या घरी गेलो. आधी चहा झाला, मग बोलणं. पैसे त्याने हप्त्याहप्त्याने भरायचं ठरलं, आणि वही परत त्याच्याकडे दिली. वही देताना मलाही धाकधूक होती, खोटं कशाला बोलू?

पालकहो, मूल चूक कबूल करायला येतं तेव्हा तोंडातून निघणारं पहिलं वाक्य जरा सांभाळा. आणि परत सोपवता येईल असं एखादं काम त्याच्यासाठी राखून ठेवा. माफ केलं हे शब्दांनी कळतं, पण विश्वास परत मिळाला हे त्याला त्या कामातूनच कळतं.