अंगठा देण्यापूर्वी

आमच्या गंगाखेड तालुक्यात मधुमेह झाला असे कोणी म्हणत नाही. ‘साखर झाली’ म्हणतात. माझ्या वडिलांना, अप्पांना, साखर होऊन अकरा वर्षे झाली आणि गेली तीन वर्षे रात्री त्यांच्या तळपायांची आग होते. ते ओल्या पोत्यावर पाय ठेवून निजतात. थंडीतसुद्धा पायावर गोधडी सहन होत नाही. आणि नवल असे की, याच पायात तुरीचे धसकट घुसले तर त्यांना कळत नाही; चपलेत रक्त दिसले म्हणजे आई ओरडते.

जो पाय बधिर, तोच दुखतो कसा, हा प्रश्न मला कित्येक दिवस पडला होता. मी कला शाखेची विद्यार्थिनी, तेव्हा चूकभूल जाणकारांनी पदरात घ्यावी; पण मला समजले ते असे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून त्यांची टोके आधी मरतात. मेलेल्या तंतूंकडून निरोप येत नाही, म्हणून काटा कळत नाही. अर्धवट बिघडलेले तंतू मात्र काही झालेले नसतानाही मेंदूकडे निरोप धाडत राहतात. तीच ही आग. यावर जी औषधे देतात तीही मुळात दुसऱ्याच रोगांची. प्रेगाबालिन फिट येण्यावरचे, ड्युलोक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिन मनाच्या खिन्नतेवरचे. ती तंतू दुरुस्त करत नाहीत, आणि दुखणेही सर्वांचे कमी करत नाहीत. म्हणून नव्या औषधांचा शोध चालू आहे, आणि शोध म्हटला की प्रयोगाला माणसे लागतात.

मागील दिवाळीनंतर शहरातल्या एका डॉक्टरांनी अप्पांना अशा प्रयोगाविषयी विचारले. चौदा पानांचे मराठी माहितीपत्रक घरी आले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून ते वाचण्याचे काम माझ्याकडे आले. अप्पांनी पूर्वी एका सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा दिला होता. त्यापायी गेलेल्या दीड एकराचा विषय घरात अजूनही कोणी काढत नाही. त्यामुळे मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसांची वाटणी होते. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. साखरेच्या गोळ्या चालू राहतात, परंतु दुखण्यावरची जुनी गोळी सोडावी लागते. म्हणजे बारा आठवडे अप्पांनी जास्त तळमळावे आणि पदरी काहीच पडू नये, हेही शक्य. मी संतापून म्हटले, ‘‘अप्पा, ही तर फसवणूक झाली!’’

अप्पा म्हणाले, ‘‘फसवायचं असतं तर लिहून दिलं असतं का, माय?’’

स्वतःचे शरीर प्रयोगाला देण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असताना त्यांनी त्या रोगाचे जंतू स्वतःला टोचून घेतले होते. (रोग जडला नाही. कुष्ठरोगही मज्जातंतूच बधिर करतो.) पण आमटे वकील होते, आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते. अप्पांसारख्यांना कायद्याचा आधार लागतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे निरक्षर माणसाचा अंगठा घेताना तिऱ्हाईत साक्षीदार हजर असावाच लागतो. कागदाची प्रत आपल्याला मिळते. प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे, आणि कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते. शिवाय २००९ पासून देशातील अशा प्रत्येक प्रयोगाची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते, ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. मी पाहिली. मग अप्पांनी अंगठा दिला.

बिनऔषधाची गोळी कशासाठी, हे मला मागाहून पटले. साखर रक्तात मोजता येते. पायाची जाण पाहायला नायलॉनचा धागा टेकवतात; तो वाकला की १० ग्रॅमचा दाब पडतो. पण आग मोजायला यंत्र नाही. ० म्हणजे मुळीच नाही, १० म्हणजे कल्पनेतली सर्वांत भयंकर, असा आकडा रोग्यानेच रोज सांगायचा. आता कोणी आपुलकीने विचारपूस केली, नवी गोळी हातात पडली, की नुसत्या आशेनेच आकडा उतरतो. तो उतार वजा केल्याशिवाय औषधाचा खरा गुण दिसणार कसा?

वहीत आकडा मी लिहिते. पहिल्या दोन रात्री अप्पा ‘तीन’ म्हणाले आणि पहाटेपर्यंत कण्हत राहिले. विचारले तर म्हणतात, ‘‘डाक्टर लई भला माणूस हाय. त्याला वाईट वाटंल.’’ मी म्हटले, ‘‘अप्पा, कापूस घेताना व्यापारी काटा मारतो, तसं झालं हे. खोट्या वजनावर उद्या हजारो लोक ती गोळी घेतील.’’ काटा मारणे म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘सात लिही.’’

आता आठ आठवडे झाले. परवा आकडा पाच होता, काल पुन्हा सात. गोळी कोणती, ते प्रयोग संपेपर्यंत कळणार नाही. मी परभणीला खोलीवर असते तेव्हा वही आई लिहिते. तेवढ्यासाठी ती ० ते १० आकडे काढायला शिकली. सात मात्र अजून उलटा काढते.